पाणंदीवरची सायकल

कोल्हापूर जिल्ह्यात ‘पाणंद’ म्हणजे दोन बाजूंच्या शेतांच्या बांधांमधून गेलेली, बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीची कच्ची वाट. दोन गावे जोडण्यासाठी ती निघालेली नसते. गावातून रानात आणि रानातून नदीवर जाण्याची सोय एवढाच तिचा मूळ हेतू असतो, आणि म्हणूनच ती पुष्कळदा एखाद्या मोटरघरापाशी, मळ्यातल्या विहिरीपाशी किंवा थेट नदीच्या पात्रात जाऊन संपते. जी वाट पुढे कुठेच जात नाही, तिच्यावरून जाण्याचे कारण तिथे काम असणाऱ्यांखेरीज इतरांना नसते. पंचगंगेच्या काठच्या पाणंदींवर मोटारींची वर्दळ नसण्याचे कारण एवढे साधे आहे. शहरातून हौसेने सायकल घेऊन येणाऱ्याला जी शांतता जाणवते ती रिकाम्या रस्त्याची नसून कामाच्या रस्त्याची शांतता असते, आणि हा फरक ध्यानात आला नाही तर त्या वाटेवर सायकल चालवण्याची रीतही ध्यानात येत नाही.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती यांच्या पाण्याने झालेली पंचगंगा करवीर तालुक्यातील प्रयाग चिखलीच्या संगमापासून सुमारे ८० किलोमीटर वाहून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. सह्याद्रीतून उतरलेल्या या नद्यांचा वेग संगमापाशी येईपर्यंत ओसरलेला असतो. तिथून पुढची नदी वळणे घेत, काठावर गाळ टाकत संथ जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना काळ्या मातीचा सपाट पट्टा पसरतो. नदीकाठच्या या गाळाच्या जमिनीला ‘मळी’ म्हणतात. वडणगे, आंबेवाडी, चिखली, शिये या गावांच्या मळीत चढ-उतार इतका थोडा आहे की, सायकलस्वाराला उतार डोळ्यांना दिसत नाही, तो पायांना कळतो. नदीकडे जाताना पायडल किंचित हलके पडते आणि परतताना किंचित जड, एवढाच काय तो पुरावा.

महसुली गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा फुटांपासून एकवीस फुटांपर्यंत आणि पायवाटेची सव्वाआठ फूट धरली जाते. हे अपूर्णांक विचित्र वाटतात. पण जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद एवढ्या जागेला गुंठा म्हणतात, हे आठवले की उलगडा होतो, कारण साडेसोळा फूट ही अर्धी साखळी आणि सव्वाआठ फूट ही पाव साखळी आहे. प्रत्यक्षात मात्र साडेसोळा फूट रुंदीची पाणंद शोधावीच लागते, कारण दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे बांध कोरला गेल्याने ती अनेक ठिकाणी जेमतेम एक गाडी जाईल एवढीच उरली आहे. बांध कोरणे हा शेजाऱ्याच्या जमिनीवरचा हक्क नांगराच्या एकेका तासाने मिळवण्याचा प्रकार असतो, आणि पाणंदीला शेजारी असला तरी भांडायला मालक नसतो.

या मूळच्या कच्च्या वाटांवर आज जागोजागी मुरूम दिसतो; तो कसा आला, हे पाहायचे तर ऊस आणि बंधारा या दोन गोष्टींकडे जावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम सुरू केले. पुढे त्या पाण्याच्या भरवशावर नदीत जागोजागी जे बुटके बंधारे बांधले गेले त्यांना महाराष्ट्रभर ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ असे नाव पडले. अशा बंधाऱ्यात नदीच्या पात्रात ओळीने दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात, खांबांना उभ्या खाचा असतात आणि त्या खाचांत पावसाळा संपल्यावर ‘बरगे’ म्हणजे आडव्या फळ्या एकावर एक बसवून पाणी अडवले जाते. पावसाळ्याच्या तोंडाला तेच बरगे काढून पुराला वाट मोकळी करून दिली जाते. पाणी कालव्याने दूर न नेता नदीच्या पात्रातच उभे करायचे आणि काठावरच्या शेतकऱ्याने ते मोटरीने उचलायचे, ही यामागची कल्पना. बारमाही पाण्यामुळे मळीत ऊस पसरला, उसामुळे जड गाडी आली, आणि जड गाडी काळ्या मातीत रुतते म्हणून पाणंदीवर मुरूम पडला, कधी ग्रामपंचायतीकडून तर कधी शेतकऱ्यांनी आपसात वर्गणी काढून. आज हौशी सायकलस्वाराला जे खडबडीत, आवाज करणारे, पण पक्के बसलेले पृष्ठ आवडते, ते उसाच्या वजनासाठी तयार झालेले आहे.

त्या पृष्ठावर सायकल चालवण्याचे ज्ञान ज्यांनी प्रथम कमावले त्यांत पाटकऱ्याचे नाव आधी घ्यावे लागेल. पाटकरी म्हणजे उपसा सिंचन योजनेच्या पाणीपुरवठा संस्थेचा, सभासदांच्या रानांत ठरलेल्या पाळीने पाणी सोडणारा कामगार. नदीवरची मोटर सुरू झाली की पाणी मोठ्या नळातून वर चढते आणि ठिकठिकाणच्या चाव्या, म्हणजे वॉल्व्ह, फिरवून ते एकेकाच्या दांडात, म्हणजे रानातल्या पाटात, सोडावे लागते. शेतीची वीज आलटूनपालटून दिवसा आणि रात्री मिळत असल्याने त्याच्या कामाचा मोठा भाग अंधारात होतो. मोटरसायकली परवडू लागण्याच्या आधीच्या काळात हे सारे काम सायकलवर चाले. मधल्या दांडीला खोरे बांधलेले, मागच्या कॅरिअरवर चावी फिरवायचा लोखंडी पाना आणि भाकरीचे गाठोडे, हँडलला विजेरी. डायनॅमोचा दिवा या कामी फारसा उपयोगी पडत नसे, कारण चाक जोरात फिरले तरच तो उजळतो आणि पाणंदीत, विशेषतः वळणावर, जेव्हा प्रकाशाची खरी गरज असते तेव्हाच चाक हळू झालेले असते.

गाड्यांच्या येण्याजाण्याने पाणंदीत दोन चाकोऱ्या पडतात आणि मधे गवताचा उंचवटा राहतो. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाने कोरलेली खोल रेघ. ‘चाकोरीबाहेर जाणे’ हा वाक्प्रचार पुस्तकात वाचणाऱ्याला त्यातली अडचण ठाऊक नसते, पण सायकलस्वाराला ती एकदा पडल्यावर कायमची ठाऊक होते. पुढचे चाक तिरके करून चाकोरीतून बाहेर काढायला गेले की चाक कडेला घासते, सायकल तिथेच थबकते आणि स्वार मात्र पुढे जातो. जाणता माणूस चाकोरी उथळ होईपर्यंत वाट पाहतो, वजन मागे घेतो, पुढचे चाक हलके करतो आणि मग जवळजवळ काटकोनात ते बाहेर काढतो. रात्री चाकोरीतच राहावे, मधल्या गवतातून जाऊ नये, हाही पाटकऱ्यांचा दंडक असे, कारण घोणस गवताच्या कडेला पडून असते आणि मुरमावर ती निदान दिसू तरी शकते.

मोटर चालू आहे की वीज गेली, हे पाटकऱ्याला अर्धा कोस अंतरावरून आवाजाने कळते. कुठल्या रानात दांड फुटला आहे, हे बेडकांच्या गलक्यावरून आणि पहाटे बगळ्यांच्या जमावावरून कळते. रानात पोचल्यावर शेतकरी दारे धरतो, म्हणजे एका सरीचे तोंड खोऱ्याने फोडून पाणी आत घेतो आणि ती भरली की ते बांधून पुढच्या सरीचे तोंड फोडतो. त्या वेळात पाटकरी पुढच्या चावीकडे निघालेला असतो. त्याच्या फेरीचे एकूण अंतर थोडके असले तरी तेच अंतर रात्रीत अनेकदा कापावे लागे, आणि वेगापेक्षा न पडणे, न रुतणे व पंक्चर न होऊ देणे याला महत्त्व असे. या कामाची मिळकत बेताचीच असे आणि पाळी चुकली तर दोन्ही बाजूंचे शेतकरी त्यालाच बोल लावत, हेही येथे नोंदवले पाहिजे; नाहीतर रात्रीच्या पाणंदीचे वर्णन उगाच रम्य होऊन बसते.

पाणंदीवरची दुसरी सायकल दूधवाल्याची. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा जिल्हा दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला आणि गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध जाऊ लागले. मळ्यातल्या गोठ्यापासून गावातल्या संस्थेपर्यंतचा टप्पा मात्र ज्याचा त्यालाच गाठावा लागे. हँडलला अडकवलेली किटली किंवा कॅरिअरच्या दोन बाजूंना टांगलेले कॅन घेऊन मुरमावरून जाताना दूध हिंदकळते आणि ते हिंदकळणे चाकांपर्यंत येते, म्हणून खड्डा टाळण्यापेक्षा खड्ड्यात शिरताना सायकल सरळ ठेवणे महत्त्वाचे ठरते. वैरण आणण्यालाही सायकल होतीच. उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचा, भारा कॅरिअरवर आडवा बांधला की सायकल पाणंदीच्या दोन्ही कडांना झाडत जाते. तथापि सायकल घरातल्या पुरुषाच्या वाट्याला आणि भारा बाईच्या डोक्यावर, ही वाटणी फार काळ टिकली, आणि पाणंदीचा सर्वांत जुना प्रवासी चाकांवरून गेलेलाच नाही.

या कामकरी सायकलीचे एक माप लक्षात घेण्याजोगे आहे. हीरो, अ‍ॅटलस, हर्क्युलस अशा नावांनी घरोघरी आलेल्या काळ्या, उंच सायकलीचा टायर २८ इंची आणि दीड इंच जाडीचा असतो. दीड इंच म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर. अलीकडे ‘ग्रॅव्हल सायकल’ या नावाने जो प्रकार विकला जातो, म्हणजे शर्यतीच्या सायकलीसारखे वळलेले हँडल, पण कच्च्या वाटेला चालतील असे रुंद टायर आणि डिस्क ब्रेक असलेली सायकल, तिच्या टायरची जाडी साधारण ३५ ते ५० मिलिमीटर असते. याचा अर्थ ज्या रुंदीकडे सायकल-उद्योग डांबरी शर्यतीच्या अरुंद टायरवरून वळसा घालून परत आला, ती रुंदी मळीतल्या पाणंदीवर कितीतरी दशके रोज वापरात होती. दोन्हींत फरक अर्थातच पुष्कळ आहे. जुन्या सायकलीचे वजन, तिचे लोखंडी सळ्यांचे ब्रेक आणि एकच गिअर यांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही; पण सपाट मळीत एका गिअरने काम भागत असे, आणि लांब बैठकीमुळे ती सायकल मुरमावर घसरण्याऐवजी रेलत जात असे, हेही खरे.

ग्रॅव्हल सायकलिंग हा खेळ म्हणून अमेरिकेत आणि युरोपात वाढला. कॅन्सास राज्यातील एम्पोरिया येथे २००६ साली सुरू झालेली दोनशे मैलांची शर्यत आज जगभर ओळखली जाते, आणि २०२२ साली इटलीच्या व्हेनेतो प्रांतात या प्रकारची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. कॅन्सासमधल्या त्या शर्यतीच्या वाटासुद्धा मुळात शेतांकडे आणि गुरांच्या कुरणांकडे जाणाऱ्या वाटा आहेत. तिथला चकमकीचा धारदार दगड टायर कापतो, तर इथे ते काम बाभळीचा काटा करतो. बांधावरची बाभूळ छाटली की फांद्या पाणंदीत पडतात, आणि पंक्चर काढणारा कारागीर काट्याच्या टोकावरून तो आठवड्याचा आहे की वर्षाचा हे सांगू शकतो, कारण वाळलेला काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि ओला अखंड निघतो. आतल्या ट्यूबऐवजी चिकट द्रव भरलेल्या नव्या टायरांत बारीक भोके आपोआप बुजतात; त्या द्रवाची खरी परीक्षा घ्यायची तर डिसेंबरमध्ये छाटणीनंतरची पाणंद गाठावी.

मुरूम हा कुजलेला, झिजलेला काळा पाषाण. त्यात बारीक माती आणि खड्यांचे प्रमाण योग्य असले तर पाण्याने आणि चाकांनी तो दाबून बसतो. नवा टाकलेला मुरूम सुटा असतो, त्यावर चाक भरकटते. महिनाभर गाड्या गेल्या की दोन पट्टे घट्ट होतात आणि सायकलला तेवढे पुरतात. टायरमधली हवा कमी ठेवली तर चाक खड्यांवरून उड्या न मारता त्यांना कवेत घेत जाते, ही गोष्ट आज मोजमापाने सांगितली जाते; पाटकरी ती अंगठ्याने टायर दाबून ठरवीत असे. काळ्या मातीचे मात्र गणितच वेगळे. अवकाळी पावसाची एक सर आली की मुरूम नसलेल्या तुकड्यात ती माती चाकाला, चाकावरून मडगार्डला आणि मडगार्डमधून साखळीला लागते, वीस पावलांत चाक फिरेनासे होते, आणि मग सायकल माणसाला नेण्याऐवजी माणूस खांद्यावर सायकल नेतो. अशा वेळी काठीने चिखल काढत बसण्यात हशील नाही. बांधाच्या गवतावरून ती चालवत न्यावी आणि ऊन पडल्यावर झाडावी, कारण वाळलेली काळी माती हाताने सुटते आणि ओली कशानेच सुटत नाही.

दिवाळीच्या आसपास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की पाणंदीचे रूप बदलते. फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या रानात, मराठवाड्यातून आलेल्या तोडणी कामगारांच्या टोळ्या कोयता चालवत असतात, मोळ्या बांधून बैलगाडीत किंवा ट्रॉलीत भरल्या जातात आणि दिवसभर पाणंदीतून भरल्या गाड्या डांबरी रस्त्याकडे जातात. ज्या वाटेवर काल कोणी नव्हते तिथे आज थांबून राहावे लागते, आणि थांबणे हे इथे सौजन्य नसून नियम आहे. भरलेली बैलगाडी चढावर उभी राहिली तर बैलांना ती पुन्हा ओढता येईलच असे नाही. बैल बिथरले तर गाडी बांधावर जाते. म्हणून समोरून गाडी दिसताच सायकलवरून उतरायचे, गाडीवान बसलेल्या बाजूला, बैलांना दिसेल असे उभे राहायचे, घंटी वाजवायची नाही आणि जूपासून मोळ्यांच्या शेवटच्या टोकापर्यंत सगळी गाडी पुढे गेल्याखेरीज हलायचे नाही. मोळ्यांची टोके गाडीबाहेर हातभर आलेली असतात आणि उसाचे पान कापते. गाडीवानाने मान हलवली तर हलवली. त्याचे लक्ष बैलांकडे असते आणि ते तसेच असावे. ज्या दिवसांत फड तुटलेले असतात त्या दिवसांत मात्र पाणंदीला वारा लागतो. एरवी दोन्ही बाजूंना पुरुषापेक्षा उंच ऊस असतो आणि सायकलस्वार हिरव्या बोळातून जातो. तोडणीनंतर अचानक जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळ्याची कड उघडी पडते. गुऱ्हाळ जवळ असेल तर चुलवाणाचा धूर आणि कायलीतल्या रसाचा वास वाऱ्यावर येतो, आणि तिथे सायकल टेकवून गरम काकवी चाखल्याशिवाय पुढे जाणारा माणूस कोल्हापूरचा नव्हे.

खाली शिरोळ तालुक्यात गेले की सपाटी आणखी वाढते. कुरुंदवाड, अकिवाट, राजापूर, खिद्रापूर या बाजूला कृष्णेच्या मळीत पाणंदी लांबच लांब जातात, आणि बाराव्या शतकाच्या सुमारास शिलाहारांच्या काळी उभारलेल्या कोपेश्वर मंदिराच्या उघड्या छताच्या स्वर्गमंडपापर्यंत पोचायला यासारखी दुसरी वाट नाही. परंतु याच तालुक्यात अतिरिक्त पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे जमिनी क्षारपड झाल्या, म्हणजे खालचे क्षार पाण्याबरोबर वर येऊन मातीवर पांढरा थर धरू लागले. अशा रानाच्या कडेने जाताना चाकाखाली कुरकुर आवाज येतो आणि तिथे ऊस नसतो, लव्हाळा असतो. जमिनीत भोके असलेले नळ पुरून खारे पाणी काढून देण्याचे प्रयत्न तालुक्यात झाले आहेत आणि काही रानांत ऊस परतलाही आहे. इचलकरंजीच्या खालच्या अंगाला नदीवर जलपर्णीचा गालिचा असतो आणि उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी येणारा वास कुणीही विसरत नाही. निसर्गरम्य सायकलफेरीच्या वर्णनात ही ठिकाणे सहसा गाळली जातात. तशी ती गाळू नयेत.

पाणंदी पक्क्या कराव्यात की नाहीत, या प्रश्नावर हौशी सायकलस्वाराचे मत विचारायचे कारण नाही. वाट अडवणाऱ्याविरुद्ध १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली आणि नव्या वाटेसाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे दाद मागत शेतकऱ्यांच्या पिढ्या गेल्या आहेत; वाट नाही म्हणून ऊस वेळेवर तुटला नाही, की वजन घटते आणि नुकसान त्याचे होते. पाणंद काँक्रीटची झाली तर तिच्यावर मोटारी येतील आणि चाकांखालचा तो आवाज जाईल, हे खरे; पण ज्याची गाडी रुतते त्याचे म्हणणे आधी. एवढे मात्र म्हणता येईल की फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या काळ्या मातीवर पाया नीट न भरता ओतलेले काँक्रीट लवकरच तडकते, आणि दोन्ही बाजूंना चर काढून चांगला मुरूम दाबलेली पाणंद कमी खर्चात तितकीच टिकते. पाणंदीला मुरमाइतकीच चराची गरज असते, हे जुने शेतकरी सांगतात आणि नवे ठेकेदार सहसा ऐकत नाहीत.

ज्याला या वाटांवर जायचे असेल त्याने ऑक्टोबरअखेर ते मे हा काळ धरावा. बरगे बसले की नदी काठोकाठ उभी राहते आणि बंधाऱ्यावरून पलीकडे जाता येते. कसबा बावड्याकडून राजाराम बंधाऱ्यावरून वडणग्याच्या बाजूला उतरणारा रस्ता सकाळच्या वेळी विशेष चांगला. जूनमध्ये बरगे निघतात, शेतकरी नदीवरच्या मोटरी दोरांनी ओढून वर घेतात, आणि पाणी चढू लागले की पहिल्यांदा बुडतात ते हेच बंधारे आणि त्यांना जोडलेल्या पाणंदी. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते आणि चिखली-आंबेवाडीची माणसे जनावरांसह सोनतळीच्या माळावर राहायला गेली होती. पुराला अडथळा होऊ नये म्हणून अनेक बंधाऱ्यांना कठडे नसतात, आणि वरून वाहणारे गढूळ पाणी वीतभर असले तरी त्याखालची कड दिसत नाही. बंधाऱ्यावर पाणी असेल तेव्हा सायकल वळवावी आणि शिवाजी पुलावरून जावे.